माती आधी चाखायची

माती आधी चाखायची, शहदाद म्हणाला,
आणि चिमूटभर माझ्या जिभेवर ठेवली.
मीठ लागलं तर टाकून द्यायची.
खारी वीट पहिला हिवाळा काढते,
दुसऱ्याला पापुद्रे सोडते
शिळ्या भाकरीसारखी.

मी थुंकलो. तो हसला.
मकरानचा माणूस, चाळीस वर्षं अल ऐनमध्ये,
दात उरलेत चार,
पण माती त्याला अजून कळते.

माझ्या बापाची भट्टी वारणेच्या काठाला.
त्यानं कधी माती चाखली नाही.
ढेकूळ फोडायचा, वास घ्यायचा
आणि कोळशाचा भाव विचारायचा.

इथं कोळसा नाही.
फलजच्या पाटातून उपसलेला गाळ,
गव्हाचं काड बोटभर तोडलेलं,
आणि पाणी, तेही मोजून, कारण पाळी
खजुरीच्या बागांची आधी, किल्ल्याची नंतर.
खड्ड्यात वीस दिवस कुजू द्यायचं.
पाचव्या दिवशी वास सुटतो,
बाराव्या दिवशी इंजिनियर यायचा बंद होतो,
विसाव्या दिवशी टेकबहादूर आणि मी
पँटी गुडघ्यावर दुमडून आत उतरतो.

आईला फोनवर दाखवलं.
ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली,
चिखलच तुडवायचा होता
तर एजंटाला साठ हजार कशाला मोजले?

साचा लाकडाचा, बूड नसलेला.
भिजवायचा, वाळू भुरभुरायची,
गोळा खांद्याच्या वर उचलून आपटायचा.
हळूच ठेवला तर कोपरे पोकळ राहतात.
भीड धरू नकोस, शहदाद म्हणतो,
पाहुणी नाही ती.
मग तळहातानं सपाट, आणि साचा वर, सरळ.
वाकडा उचललास
की वीट जन्माची लंगडी.

दोन दिवस पाठीवर. मग कुशीवर.
सातव्या दिवशी रचायच्या, मधून वारा खेळेल अशा.
साडेबारा ते तीन सावलीत बसायचा कायदा आहे
माणसांना. विटांना नाही.
आम्ही ताडपत्रीखालून बघत बसतो
त्यांचा रंग उतरताना:
डुंबून आलेली म्हैस, मग चहा, मग उंट.

नव्या विटेवर साल कोरायचं,
म्हणजे पुढं कुणी फसू नये
जुनी भिंत कुठली आणि आमची कुठली.
मी खिळ्यानं आकडे काढतो.
नाव काढायची परवानगी नाही.
टेकबहादूर शेवटच्या आकड्याला
एक बारीक शेपूट काढतो.

परवा बुरुजाची पडकी बाजू उतरवली.
फुटक्या विटा, मला वाटलं फेकायच्या.
शहदादनं खड्ड्यात लोटल्या, पाणी सोडलं.
संध्याकाळी त्या खाली बसल्या,
सकाळी नुसती माती.
वर तरंगत होतं थोडं काड, अजून पिवळं,
कुठल्या सालच्या गव्हाचं कोण जाणे.

मी विचारलं, हिची पुन्हा वीट होते?
होते.
कितीदा?
भाजली नाही तोवर, तो म्हणाला,
आणि फावडं धुवायला गेला.

मला बापाच्या भट्टीतले खंगर आठवले,
काळेनिळे, काचेसारखे, एकमेकांना चिकटलेले.
वारणेला पूर आला, भट्टी गेली, बाप गेला,
ते तिथंच आहेत.
पाण्यानं त्यांचं काही झालं नाही,
आणि त्यांचं काही करताही येत नाही.

एकोणीस वर्षं झाली मला इथं.
मार्चमध्ये व्हिसा पुन्हा लागेल.
मागच्या खेपेला घरी गेलो
तर पोरीनं पाणी आणून दिलं,
तांब्याखाली ताटली धरून.

आज वीट तपासली.
कमरेइतक्या उंचीवरून सोडायची.
सोडली. एक कोपरा गेला, बाकी शाबूत.
काड थोडं वाढव, शहदाद म्हणाला,
आणि तुटका कोपरा खड्ड्यात भिरकावला.

बोटांना धूळ राहिली होती.
कुणी बघत नाही असं पाहून
मी ती जिभेला लावली.
खारट.
माती की घाम, ते काही ठरेना.